पोरांच्या हाती हिशेब

राज्य मंडळाच्या दहावीच्या बीजगणितात ‘अर्थनियोजन’ नावाचे चौथे प्रकरण आहे. त्यात वस्तू व सेवा कर आहे, शेअरची दर्शनी किंमत आणि बाजारभाव आहे, दलाली कशी काढायची ते आहे, म्युच्युअल फंड आणि एसआयपीसुद्धा आहे. नववीच्या पुस्तकात गुंतवणूक आणि आयकर येतो, आठवीत चक्रवाढ व्याज होऊन गेलेले असते. शाळेत पैशाबद्दल काहीच शिकवत नाहीत, ही सर्रास कानावर येणारी तक्रार निदान आपल्या राज्यापुरती खरी नाही. शिकवतात. मुले ती उदाहरणे सोडवतात, त्यांचे गुणही मिळवतात. आणि त्यांच्यातलाच एखादा मुलगा चार-पाच वर्षांनी मोबाइलवरून कर्ज काढतो तेव्हा व्याजाचा दर विचारत नाही. हप्ता किती बसेल, एवढेच विचारतो.

हे असे का होते? मला वाटते, पैसा नुसत्या माहितीने कळत नाही. स्वतः कमावलेली थोडी तरी रक्कम हातात यावी लागते, ती बुडू शकते हे ठाऊक असावे लागते आणि तिचा हिशेब कुणासमोर तरी मांडावा लागतो. वर्गात यातले काहीच घडत नाही, आणि घरी आपण ते घडू देत नाही.

घराचे आधी बोलू. आपल्या मध्यमवर्गीय घरांत बारावीच्या मुलाला वडिलांचा पगार नेमका माहीत नसतो, घराच्या कर्जाचा हप्ता माहीत नसतो, आजीच्या आजारपणात कोणती ठेव मोडली तेही माहीत नसते. ‘तू फक्त अभ्यासाकडे लक्ष दे’ या वाक्यामागे माया असते, हे खरे. पण ज्याने एकोणीस वर्षे घराचा हिशेब पाहिला नाही, त्याच्या हाती विसाव्या वर्षी क्रेडिट कार्ड येते. शेतकऱ्याच्या घरातले मूल वेगळ्या अडचणीत असते. कर्ज आहे हे त्याला लहानपणापासून कळते, मात्र त्याची भीतीच कळते, घडण कळत नाही. सोसायटीचे पीककर्ज, सोनेतारण आणि कृषी दुकानदाराची खताची उधारी या तिन्हींचे व्याज वेगवेगळे पडते. यातले आधी काय फेडायचे, हा प्रश्न कुणी कागदावर मांडलेलाच नसतो. तो मांडायला दहावीचे गणित पुरते.

एक उदाहरण देतो. एक लाखाचे कर्ज, वर्षाला बारा टक्के ‘फ्लॅट’ दर, मुदत एक वर्ष. परत करायचे एक लाख बारा हजार, महिन्याचा हप्ता सुमारे ९,३३३ रुपये. ऐकायला बारा टक्के ठीक वाटतात. पण पहिल्या हप्त्यापासून मुद्दल कमी होत जाते आणि व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण लाखावर लागलेले असते. घटत्या मुद्दलावर मोजले तर हाच दर साडेएकवीस टक्क्यांच्या जवळ जातो. दुचाकीच्या किंवा मोबाइलच्या दुकानात उभ्या असलेल्या मुलाला हा फरक कळला पाहिजे. क्रेडिट कार्डाचेही तसेच: महिना साडेतीन टक्के म्हणजे वर्षाला बेचाळीस टक्के, हा गुणाकार पाचवीतल्या मुलालाही येतो. तो कुठे करायचा, हे त्याला कुणी सांगितलेले नसते.

याहून जास्त चिंता मला जामिनाची वाटते. पतसंस्थेचे कर्ज काढताना मित्र म्हणतो, ‘नुसती सही पाहिजे रे, बाकी काही नाही.’ नाही कसे म्हणायचे, म्हणून सही होते. भारतीय करार कायदा १८७२ सालचा आहे. त्याच्या १२८व्या कलमानुसार, करारात वेगळे काही ठरले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. म्हणजे मित्राने हप्ते थकवले की वसुलीची नोटीस सही करणाऱ्याच्या दारात येते. गावोगावी या एका सहीने भावकी तुटली आहे, मैत्री संपली आहे. पुस्तकात शेअरची दलाली आहे. पण ज्या गोष्टीशी अनेकांचा संबंध कधी ना कधी येतो, त्या जामिनावर एक तास का खर्चू नये?

शेअरबाजार मुलांपर्यंत आपणहून पोचलाच आहे. शेअरबाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये फ्युचर्स-ऑप्शन्सच्या व्यवहारांचा अभ्यास प्रसिद्ध केला. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत एक कोटीहून अधिक वैयक्तिक व्यवहार करणाऱ्यांपैकी ९३ टक्के लोक तोट्यात गेले. सगळ्यांचा मिळून तोटा १.८ लाख कोटींच्या वर होता. त्यातला आणखी एक आकडा मला जास्त अस्वस्थ करतो. हे व्यवहार करणाऱ्यांत तिशीच्या आतल्यांचे प्रमाण एका वर्षात ३१ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेले. समोरच्या बाजूला नफा कमावणाऱ्या बड्या संस्थांचा बहुतेक नफा संगणकी अल्गोरिदमच्या व्यवहारांतून आला होता. खोलीत बसून मोबाइलवर सौदे करणाऱ्या मुलाला आपण कुणाशी खेळतो आहोत, याची कल्पना नसते. त्याला ‘सट्टा वाईट’ असे सांगून काही साधत नाही. हे आकडे त्याच्यासमोर ठेवावेत आणि त्या ९३ टक्क्यांत तू नसशील असे तुला कशावरून वाटते, हे त्यालाच लिहून काढायला लावावे.

करिअरच्या बाबतीत हिशेबाचा अभाव आणखी महागात पडतो. पुण्याच्या सदाशिव, नारायण या पेठांत अभ्यासिका, मेस आणि कॉट बेसिसच्या खोल्या यांचे एक गावच वसले आहे. स्पर्धा परीक्षेला बसू नका, असे मी म्हणणार नाही. सामान्य घरातल्या मुलामुलींनी याच वाटेने प्रशासनात जागा मिळवली आहे आणि ती मोलाची आहे. पण जागा थोड्या आणि उमेदवार अतोनात, हे उघड असताना घरून निघतानाच काही गोष्टी ठरवून कागदावर लिहायला हव्यात: किती वर्षे, किती प्रयत्न, दर वर्षाचा एकूण खर्च किती, आणि त्या वर्षांत न कमावलेला पगार किती. तिथली मुले ज्याला ‘प्लॅन बी’ म्हणतात, तो अनेकदा एकोणतिसाव्या वर्षी शोधायला घेतला जातो. आयटीआयचा वायरमन, प्रयोगशाळेतला तंत्रज्ञ, शीतगृह चालवणारा, ट्रॅक्टरची दुरुस्ती करणारा हे लोक काय कमावतात आणि त्यांचा दिवस कसा जातो, हे करिअर मार्गदर्शनाच्या व्यासपीठावर क्वचितच ऐकू येते. तिथे यशस्वी झालेला अधिकारी बोलतो. सात वर्षे देऊन परतलेल्यालाही तिथे बोलावले पाहिजे. त्याच्याकडे सांगण्यासारखे फार असते.

उद्योजकतेबद्दल मात्र आपण मुलांवर अन्यायच करतो. ‘नोकरी मागणारे होऊ नका, देणारे व्हा’ असे भाषण ठोकून पाहुणे निघून जातात. लक्ष्मणराव किर्लोस्करांचे नाव त्यात हमखास येते. पण त्या गोष्टीतला खरा धडा गाळला जातो. बेळगावात सायकलीचे दुकान चालवलेला हा माणूस लोखंडी नांगर घेऊन शेतकऱ्यांकडे गेला, तेव्हा लोखंडाने जमिनीला विष होईल म्हणून लोक तो विकत घेत नव्हते. माल तयार, गिऱ्हाईक नाही, पैसा अडकलेला, ही अवस्था त्यांनी सोसली. पुढे बेळगावची जागा सोडावी लागली, तेव्हा औंध संस्थानच्या अधिपतींनी आसरा दिला आणि १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहू लागली. चिकाटी होतीच, पण पाठीशी उभे राहणारेही कुणी होते. ऊसतोड करणाऱ्या आईबापांच्या मुलीला ‘धोका पत्कर’ म्हणणाऱ्याने, ती पडली तर तिला झेलणार कोण, हेही सांगायला हवे.

आणि धंदे बुडतात ते बहुतेकदा कल्पना नव्हती म्हणून नाही. उधारी वसूल झाली नाही, खेळते भांडवल संपले, गल्ल्यातला पैसा घरखर्चाला गेला, यांमुळे बुडतात. दुकानाचा पैसा आणि घरचा पैसा वेगळा ठेवणे ही उद्योजकतेची पहिली इयत्ता आहे. ती न शिकवता मुलांना सादरीकरणाच्या स्पर्धांत उतरवले जाते आणि कागदावर कोट्यवधींची उलाढाल मांडायला सांगितली जाते.

हे सारे शिकवण्याची वाट आपल्याच मातीत तयार आहे. किर्लोस्करांचे नांगर विकत गावोगाव हिंडलेल्या एका विक्रेत्याने १९१९ साली कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. हे विक्रेते म्हणजे भाऊराव पाटील. त्यांनी खेड्यांतली गरिबी आणि बाजार दोन्ही जवळून पाहिले होते. साताऱ्याच्या त्यांच्या वसतिगृहात सगळ्या जातींची मुले एकत्र राहत, स्वतः स्वयंपाक करत, शेतात राबत आणि शिकत. ‘कमवा आणि शिका’ ही योजना आज आपल्या विद्यापीठांत आहे, पण ती गरीब विद्यार्थ्यांना मदत म्हणून राबवली जाते. भाऊरावांनी श्रमाला शिक्षणातच जागा दिली होती. डॉक्टरच्या मुलीनेही महाविद्यालयाच्या ग्रंथालयात तास भरून मोबदला घ्यावा, इतका साधा बदल करायला आपण का बिचकतो, ते मला कळत नाही.

शिरूर तालुक्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. हिंदुस्थान लिव्हरमधली संशोधकाची नोकरी सोडून ते त्या अवर्षणग्रस्त गावात गेले. तिथे वेल्डिंग, वायरिंग, रोपवाटिका, रक्तगट तपासणी अशी कामे मुले हाताने करतात आणि त्यांतली काही गावाला सेवा म्हणून देतात. वस्तू बनवण्याआधी तिचा खर्च काढणे हा अभ्यासाचाच भाग असतो. लोखंडी स्टँड बनवायचा तर पत्रा किती, वेल्डिंगच्या कांड्या किती, वीज किती, मजुरी किती हे आधी मांडायचे. याच प्रयोगातून ‘मूलभूत तंत्रज्ञान’ हा आठवी ते दहावीचा विषय राज्यातल्या अनेक शाळांत पोचला. मात्र राज्यातल्या एकूण शाळांच्या मानाने त्या थोड्याच आहेत.

हिशेब यायला पुस्तकी शिक्षण आधी लागते, हा समज माणदेशातल्या बायकांनी खोटा ठरवला. म्हसवडला सामाजिक कार्यकर्त्या चेतना गाला-सिन्हा यांच्यासोबत त्यांनी स्वतःची सहकारी बँक काढायचे ठरवले, तेव्हा प्रवर्तक सभासद निरक्षर म्हणून रिझर्व्ह बँकेने परवाना नाकारला. बायका लिहायला-वाचायला शिकल्या आणि पुन्हा गेल्या. कोणत्याही मुद्दलावरचे व्याज आम्ही यंत्राशिवाय काढतो, तुमच्या अधिकाऱ्यांनाही तसेच काढायला सांगा, असे त्यांनी सुनावले. १९९७ साली बँक सुरू झाली. व्याज त्यांना आधीपासून येत होते, कारण ते त्यांच्याच घामाच्या पैशावर लागत होते.

म्हणून शाळांकडे माझे मागणे छोटे आहे. दहा वर्षांवरच्या मुलाला पोस्टात किंवा बँकेत स्वतः चालवायचे खाते उघडता येते. ते आठवीपर्यंत प्रत्येकाचे असावे. वर्गातल्या प्रत्येक गटाला वर्षाच्या सुरुवातीला दोन-तीन हजार रुपये भांडवल द्यावे. रोपे, राख्या, पणत्या, सायकलदुरुस्ती, जे जमेल ते करावे. वही रोज भरावी आणि वर्षाअखेरीला पालकांसमोर वाचून दाखवावी. शिक्षकांना सगळे येणार नाही. पण गावातल्या पतसंस्थेचा लेखनिक, बचत गटाची अध्यक्षा, किराणा दुकानाची मालकीण यांना बोलावले तर ते आनंदाने येतील.

काही गटांचे पैसे बुडतील. त्यासाठी शाळेच्या अंदाजपत्रकात आधीच तरतूद हवी, आणि ही रक्कम प्रयोगशाळेत फुटलेल्या परीक्षानळीसारखी खर्ची टाकता यावी. मुलांकडून ती वसूल करू नये, पालकांकडूनही नाही. बुडालेल्या गटाने आपली वही मात्र इतरांइतकीच सविस्तर वाचून दाखवावी: माल केव्हा घेतला, उधारी कुणाकडे राहिली, भाव कुठे चुकला. आणि पुढच्या वर्षी त्याच गटाला भांडवल पुन्हा मिळावे.