पेत्राने सांगितलेली लाज

बायबल खरे कशावरून, असे कोणी विचारले की आम्हाला आधी संत पेत्राचा नकार आठवतो.

आपण धर्मग्रामाच्या महोत्सवाची स्मरणिका काढतो, तेव्हा जुनी भांडणे त्यात छापतो का? मुळीच नाही! शुभवर्तमानकारांनी मात्र उलट केले. ज्याला ख्रिस्तसभा पहिला पोप मानते, त्या पेत्राने एका दासीसमोर प्रभूला नाकारले, हे चारही शुभवर्तमानांत आहे. तो शपथा वाहू लागला, हेही मार्कने गाळले नाही. आणि मार्कने पेत्राच्याच शिकवणीवरून लिहिले, असे जुनी परंपरा सांगते. म्हणजे ही लाज पेत्राने स्वतःच सांगितली असावी. दर गुड फ्रायडेला आपण ती उभे राहून ऐकतो.

रिकाम्या कबरेच्या पहिल्या साक्षीदार तर स्त्रिया. त्या काळी यहुदी समाजात स्त्रीच्या साक्षीला फारसे मोल नव्हते. प्रेषितांनाही त्यांचे बोलणे बाष्कळ वाटले, असे लूक लिहितो.

एवढ्याने पुनरुत्थान सिद्ध होते का? नाही, विश्वास ही देवाची देणगी आहे. पण ज्यांनी स्वतःची लाज झाकली नाही, त्यांनी प्रभूविषयीच तेवढे खोटे सांगितले असेल, हे आमच्या मनाला पटत नाही.