दुधाकडे बघत बसलास

बस. पाणी नंतर मिळेल. तुझा भाचा माझ्या ओसरीवर गोट्या खेळतोय आणि माझी नजर तिकडं आहे. तुझ्या तोंडाकडे न बघता बोलतोय म्हणून राग कमी आहे असं समजू नकोस.

"गुरुजी, झालं तर काहीच नाही, उगं बोभाटा कशाला," असं दारातच म्हणालास. काही झालं नाही हे तुला कसं कळलं? तू बघत होतास?

पुण्याहून पोराला पाठवताना तुझ्या बहिणीनं कागद लिहून दिला होता. शेंगदाणा नको, कूट नको, चटणी नको, आणि चुकून पोटात गेलाच तर काय करायचं तेही लिहिलं होतं. तो कागद तू खिशात घातलास आणि येळवशीच्या सकाळी शर्ट बदललास. भज्जीत शेंगदाणे असतात हे काय मी धाराशिवच्या माणसाला सांगायचं? तुझ्या बायकोनं पोरापुरता वेगळा डबा रानात नेला, ताट वेगळं ठेवलं. मग भज्जीतलं ओगराळं तसंच आंबिलीच्या माठात कुणी बुडवलं? तू.

पोर म्हणालं, "मामा, ओठ चुणचुणतायत, घशात खवखवतंय." तू म्हणालास, आंबील आंबट असती, होतंय तसं. नऊ वर्षांच्या लेकराला आईनं शिकवलंय, असं वाटलं की लगेच मोठ्या माणसाला सांगायचं. त्यानं सांगितलं. त्याचं काम त्यानं चोख केलं. मोठा माणूस तू होतास.

नंतर उलटी झाली. ऊन लागलं म्हणालात. येळवशीला, मार्गशीर्षाच्या अवसेला, कसलं ऊन लागतं रे? सेट्रिझिनची गोळी दिलीस, कोपीशेजारी घोंगड्यावर झोपवलंस आणि सगळे उतू घालायला गेलात. बोळक्यातलं दूध कुठल्या अंगाला उतू जातंय ते बघायला दहा माणसं वाकली होती. लेकराच्या श्वासाकडे बघायला एकही नव्हतं. हे मला तुझ्या म्हातारीनं सांगितलं, रडत.

त्या गोळीचं तुला नीट सांगतो. ती खाज कमी करते, अंगावरच्या गांधी बसवते. आतून सुजणारा घसा ती थांबवत नाही. म्हणजे वरची खूण पुसली जाते आणि आतलं चालूच राहतं. वर तू त्याला झोपवलंस. झोपलेलं पोर घसा आवळतोय म्हणून कसं सांगणार? आवाज घोगरा झाला, ठसका थांबेना, छातीत शिट्टी वाजायला लागली, तोंड पांढरं पडलं, पोर एकाएकी गळून गेलं, ही लक्षणं जाग्या पोरात जागा माणूस बघतो तेव्हाच दिसतात. बहुतेक वेळा हे काही मिनिटांत, नाहीतर दोन तासांत सुरू होतं. तेवढा वेळ घड्याळ समोर ठेवून शेजारी बसायचं होतं. तू लांब बांधावर होतास.

आणि ओठ चुणचुणले, घसा खवखवला, वर उलटी झाली, तेव्हा बसून बघण्याचीही वेळ संपली होती. तिथून 108 ला फोन. पोराला चालवायचं नाही, उचलून न्यायचं. आडवं ठेवून पाय उंच करायचे, दम लागत असेल तर टेकून बसवायचं. यावर औषध एकच, अ‍ॅड्रिनलिन. मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत, लेकराच्या वजनाच्या हिशोबानं, किलोमागे 0.01 मिलिग्रॅम. ते जवळ नसेल तर दवाखाना गाठावा लागतो. तुमची मोटारसायकल गावात, तुम्ही रानात बैलगाडीनं गेलेले, मोबाइलला रेंज नाही. असलं पोर बरोबर असताना परतीचं वाहन काय, हे सकाळीच ठरवायला नको होतं?

दिवाळीत यानं चिवडा खाल्ला तेव्हा नुसतं पित्त उठलं होतं म्हणतोस. फ्रान्सच्या शार्ल रिशे यांनी 1902 मध्ये कुत्र्यांवर प्रयोग केले. समुद्री जिवाचं विष एकदा टोचलं, कुत्रं तगलं. तीन आठवड्यांनी त्याहून कितीतरी कमी टोचलं, तर काही मिनिटांत मेलं. त्या शोधाला 1913 चं नोबेल मिळालं. मागच्या वेळी थोडक्यात निभावलं, यावरून पुढच्या वेळचं काहीच ठरत नाही.

आणि ते दुसरं, "आपली पोरं जन्मल्यापास्नं खात्यात, ह्यालाबी सवय लावाय पायजे." हे बोललास तेव्हा मला खरंच भीती वाटली. लहानपणापासून खाल्ल्यानं फायदा होतो हे खरं आहे. लंडनच्या डॉक्टरांनी 2015 मध्ये ते दाखवून दिलं. एक्झिमा किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी असलेल्या, वर्षाच्या आतल्या बाळांना शेंगदाणा नेमानं चारला, तर पाच वर्षांची होईतो त्यांच्यात शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी फारच कमी आढळली. पण ती अ‍ॅलर्जी व्हायच्या आधीची गोष्ट. ज्याला ती जडली आहे, त्याला घरी चोरून घास घालून सवय लावणं म्हणजे त्याच्या जिवाशी खेळ. भाजला म्हणून शेंगदाण्याचा दोषही जात नाही, उलट वाढतो.

थांब, मध्ये बोलू नकोस. खोकला का तो? ...नाही, हसतोय.

एकदा बसलेलं कधीकधी पुन्हा उसळतं, काही न खाता. बहुधा काही तासांत, क्वचित 72 तासांपर्यंत. कालची दुपार धरलीस तर आज चोवीस तासही झाले नाहीत. आत्ता आपण तिघं दवाखान्यात जातोय. डॉक्टरांपुढं ओगराळ्यापासून सगळं सांगायचं, लाज वाटली तरी. रात्री त्याच्या उशाशी तू जागायचंस. बायकोवर ढकलायचं नाही.

आणि बहिणीला तू अजून कळवलेलं नाहीस. तुझं तोंडच सांगतंय. फोन काढ. माझ्यासमोर लाव. किती वाजता खाल्लं, तिथून सुरू कर.