भूतदयेचे देणे

महाभारताच्या आदिपर्वात, मुख्य कथा सुरू होण्याच्या कितीतरी आधी, सरमा नावाची एक कुत्री न्याय मागायला येते. राजा जनमेजयाच्या यज्ञसत्रात शिरलेल्या तिच्या पिलाला राजाच्या भावांनी मारहाण केलेली असते. सरमा राजाला विचारते, माझ्या लेकराने हविर्द्रव्याला तोंड लावले नाही, त्याकडे पाहिलेदेखील नाही, मग त्याला मारले कशासाठी? कोणी काही बोलत नाही, आणि निरपराध पिलाला मारल्याबद्दल राजाला शाप मिळतो. त्याच ग्रंथाच्या शेवटी युधिष्ठिर सोबतच्या कुत्र्याला सोडून स्वर्गात जायला नकार देतो. दत्ताच्या पायाशी कुत्री आहेत, खंडोबाच्या सोबत कुत्रा आहे, वैश्वदेवात कुत्र्याचा घास वेगळा काढलेला आहे. कुत्र्याला न्यायाच्या कक्षेत घेणारी ही परंपरा खरी आहे आणि ती आपण जपलीच पाहिजे. पण सरमेचा प्रश्न आज दुसऱ्या बाजूनेही विचारला जातो. शाळेतून घरी निघालेले मूल, पहाटे रस्ता झाडणारी सफाई कामगार, रात्रपाळीहून परतणारा पहारेकरी, कुत्र्याने लचका तोडल्यावर हेच विचारतात: माझा अपराध काय? या प्रश्नावर समाज गप्प राहिला, तर त्याची भूतदया अपुरी आहे. जखमी माणसाचा नुकसानभरपाईचा हक्क हा त्या दयेचाच राहून गेलेला भाग आहे.

चावा म्हणजे नेमके काय, ते आधी पाहू. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने निदान पंधरा मिनिटे धुवावी लागते. रक्त आले असेल, तर लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनही द्यावे लागते, आणि ते जखमेच्या आत व भोवती सुई टोचून भरतात. बोटाच्या टोकावर किंवा ओठावर चावा असेल, तर त्या इवल्याशा जागेत सुई फिरताना मूल किती कळवळते, हे दवाखान्यातली कोणतीही परिचारिका सांगेल. मग महिनाभरात लसीसाठी चार-पाच फेऱ्या. सरकारी दवाखान्यात लस फुकट मिळते, पण बुडालेला रोज फुकट भरून निघत नाही. हे सारे वेळेवर झाले नाही आणि रेबीजची लक्षणे दिसू लागली, तर मरण जवळजवळ ठरलेले असते. जगातल्या रेबीजच्या मृत्यूंपैकी सुमारे एक तृतीयांश मृत्यू भारतात होतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. जे पायी चालतात आणि अवेळी कामाला निघतात, त्यांच्या वाट्याला हे जास्त येते. मोटारीतून फाटकापर्यंत जाणाऱ्याच्या वाट्याला कमी.

आता हेही मान्य करू, की रस्त्यावरचा कुत्रा तिथे आहे तो आपल्या सामूहिक निर्णयामुळे. संविधानाच्या अनुच्छेद ५१-क ने प्राणिमात्रांविषयी दया हे नागरिकाचे कर्तव्य ठरवले. १९६० च्या कायद्याने प्राण्यांना क्रूरपणे वागवणे गुन्हा ठरवले. २००१ आणि २०२३ च्या नियमांनी कुत्र्यांना मारण्याऐवजी नसबंदी व लसीकरण करून त्यांच्याच भागात परत सोडण्याची पद्धत घालून दिली. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ ला, पिसाळलेली आणि हल्लेखोर कुत्री वगळून, हीच पद्धत कायम ठेवली. पुढे ७ नोव्हेंबरला शाळा, रुग्णालये, बसस्थानके, रेल्वेस्थानके अशा जागांतून कुत्री हलवून ती तिथे पुन्हा सोडू नयेत, असे सांगितले. मारून प्रश्न सोडवायचा नाही, हा निर्णय मला योग्य वाटतो. पण निर्णय सगळ्यांनी घ्यायचा आणि त्याचा फटका एकट्या पोराच्या पोटरीने सोसायचा, हे कोणत्या धर्मात बसते? दुसऱ्याच्या खिशातून काढून दिलेल्या दानाचे पुण्य आपल्या नावावर लागत नाही. दया सर्वांची असेल, तर तिचा खर्चही सर्वांनी उचलायला हवा.

ही कल्पना परकी नाही. याज्ञवल्क्यस्मृती सांगते, की दाढांच्या किंवा शिंगांच्या जनावराने कोणावर हल्ला केला आणि मालक सोडवू शकत असूनही स्वस्थ बसला, तर त्याला दंड करावा. सापडलेला माणूस ओरडत असतानाही तो हलला नाही, तर दुप्पट. याच स्मृतीवरच्या मिताक्षरा टीकेच्या आधाराने महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या वारसा-वाटणीचे निवाडे झाले. आज भारतीय न्याय संहितेचे कलम २९१ तेच म्हणते: आपल्या ताब्यातल्या जनावरापासून माणसाच्या जिवाला धोका किंवा गंभीर इजा होऊ नये म्हणून पुरेशी काळजी न घेणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पाळीव कुत्रा चावला, तर पोलिसांत तक्रार करता येते आणि दिवाणी न्यायालयात मालकाकडून भरपाईही मागता येते.

मोकाट कुत्र्याला मालक नाही, मग मागायचे कोणाकडे, हा पहिला आक्षेप. त्याचेही उत्तर जुनेच आहे. चोरीचा माल परत मिळवता आला नाही, तर राजाने तो आपल्या कोशातून भरून द्यावा, असे गौतम धर्मसूत्र आणि कौटिल्य दोघेही सांगतात. चोर राजाने पाठवलेला नसतो. पण रक्षणाचे काम त्याने पत्करलेले असते आणि त्यासाठी तो कर घेतो. नसबंदी, लसीकरण, पिसाळलेल्या कुत्र्याला वेगळे ठेवणे ही कामे नियमांनी स्थानिक संस्थांवर सोपवली आहेत. तिथे हयगय झाली, तर अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात दाद मागता येते. पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये प्रत्येक दाताच्या खुणेला किमान १०,००० रुपये आणि मांस निघाले असेल तिथे ०.२ सेंटिमीटर जखमेला किमान २०,००० रुपये असे माप ठरवले, जिल्हावार समित्या नेमायला सांगितल्या आणि पहिली जबाबदारी राज्यावर टाकली. केरळमध्ये भरपाईचे असे दावे तपासायला सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये न्यायमूर्ती सिरी जगन समिती नेमली होती. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये खड्ड्यांमुळे मृत्यू झाल्यास सहा लाख आणि इजा झाल्यास पन्नास हजार ते अडीच लाख रुपये भरपाई ठरवली. न बुजवलेल्या खड्ड्याची जबाबदारी महापालिकेची, मग न टोचलेल्या लसीची का नसावी?

दुसरा आक्षेप प्रारब्धाचा. चावा नशिबात होता, म्हणून सोसावा. कर्मसिद्धान्त माणसाला स्वतःचे दुःख धीराने पेलायला शिकवतो. दुसऱ्याच्या दुःखाकडे पाठ फिरवण्याचा परवाना तो देत नाही. शेजाऱ्याचे घर जळताना प्रारब्धाचा हिशेब मांडणाऱ्याला कोणत्याही संताने धार्मिक म्हटलेले नाही. शिवाय प्रारब्धावर विश्वास ठेवणाराही जखमेवर लस घेतोच. उपचार प्रारब्धाविरुद्ध जात नसेल, तर भरपाईही जात नाही.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो प्राणिप्रेमींकडून येतो: भरपाई द्यावी लागली, तर महापालिका कुत्र्यांच्याच जिवावर उठतील. ही भीती पोकळ नाही. पण मारण्याला कायद्याची बंदी आहे आणि ती तशीच राहिली पाहिजे. तो मार्ग बंद असताना भरपाईचा बोजा संस्थेला एकाच दिशेने ढकलतो, वेळेवर नसबंदी आणि लसीकरणाकडे. गोव्याने मोठ्या प्रमाणावर कुत्र्यांचे लसीकरण केले आणि २०२१ मध्ये ते राज्य रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाले. कुत्र्याच्या अंगावर काठी पडते ती बहुधा भीतीपोटी, आणि आपले गाऱ्हाणे कोणी ऐकत नाही अशा संतापापोटी. ज्याचे ऐकले गेले, त्याचा हात काठीकडे कमी जातो.

दातांच्या खुणा मोजून पैसे देणे म्हणजे वेदनेचा बाजार मांडणे, असेही म्हटले जाईल. वेदनेला मोल नाही, हे खरेच. पण म्हणून काहीच न देणे हा वेदनेचा सन्मान ठरत नाही. एखाद्याने स्वतः कुत्र्याला डिवचले असेल, तर न्यायालय तेही पाहील. त्यासाठी सगळ्यांचा हक्क नाकारायचे कारण नाही.

महाराष्ट्राने न्यायालयाच्या आदेशाची वाट न पाहता जिल्ह्याजिल्ह्यांत भरपाई ठरवणारी समिती नेमावी. केसपेपर, लसीची नोंद, जखमेचे छायाचित्र आणि महापालिकेकडे किंवा ग्रामपंचायतीकडे केलेल्या लेखी तक्रारीची पोच, एवढ्यावर अर्ज निकाली निघावा. हातावर पोट असलेल्याला वकील लावावा लागू नये. कुत्र्याला जगू देणे हे आपले कर्तव्य आहे. ते कर्तव्य पाळताना जो जखमी झाला, तो आपल्या सर्वांच्या वतीने जखमी झाला आहे. त्याला जे द्यायचे ते उपकार म्हणून देऊ नये, ऋण म्हणून फेडावे.