छातीवरचं पीस

आयडर हे उत्तरेच्या थंड समुद्रातलं जाडजूड बदक. नर देखणा: पाठ पांढरी, पोट काळं, मानेमागे फिकट हिरवी झाक. मादी तपकिरी, दगडांत बसली तर दिसायची नाही. शिंपले अख्खे गिळायचे, पोटात त्यांचा चुरा होतो. ती अंडी उबवायला बसली की नर समुद्रावर निघून जातो (बाप म्हणून याचं कौतुक कठीणच). ती मात्र साधारण 25 दिवस जवळजवळ उपाशी बसते, आणि घरट्याला ऊब म्हणून स्वतःच्या छातीवरची मऊ पिसं उपटून घालते.

नेमकी तीच माणसाला हवी असतात, महागड्या रजयांसाठी. एक किलो पिसांना सुमारे 60 घरटी लागतात.

बदल्यात माणूस काय देतो? नॉर्वेच्या वेगा बेटांवर लोक या बदकांना दगडालाकडाची छोटी घरं बांधून देतात, आत सुकलेलं समुद्रशेवाळ अंथरतात, विणीच्या दिवसांत दबक्या पावलांनी वावरतात. हे काम मुख्यतः बायकांनी सांभाळलं. 2004 मध्ये युनेस्कोनं वेगाला जागतिक वारसा मानलं, तेव्हा त्यांचाही गौरव झाला. आइसलँडमध्ये शेतकरी कोल्ह्यांपासून घरटी राखतात. तिथे शिकारीवर 1847 पासून बंदी आहे.

मग ही माया की मतलब? आपल्याकडे ‘मतलबी’ ही शिवीच. पण कोल्हा कुठल्या हेतूनं हाकलला, यानं पिल्लाला काय फरक पडतो?

हे उत्तर मात्र फार स्वस्त आहे. पिंजऱ्यात कोंबड्या कोंबणाराही हेच म्हणेल, दाणापाणी देतोच की. मला फरक दिसतो तो दाराशी. आयडरला पिंजरा नाही, तिचे पंख कापलेले नाहीत. दचकली तर ती उडून जाते, जाताना अंड्यांवर घाण टाकून. पुढच्या वसंतात यायचं की नाही, हेही तीच ठरवते. गरज माणसाला आहे, म्हणून सांभाळून वागणंही त्याच्याकडे.

तरी एका जागी मी अडतो. काही ठिकाणी ती अंड्यांवर असतानाच थोडी पिसं काढून खाली गवत घालतात. गवतानं भागतं म्हणे. भागत असेलही, पण तिनं छातीवरून गवत उपटलं नव्हतं. पिल्लं फुटली की दिवसभरातच पाण्याकडे चालू लागतात, तिथे इतर माद्याही त्यांना सांभाळतात, आणि घरटं कुणाचंच उरत नाही. तेव्हा घ्यावं. तोवर पीस पावसानं भिजलेलं असतं, कवचांचे तुकडे अडकलेले असतात. भाव कमी आला तर येऊ दे.