हौशी डावाची नोंद

सुरतेतल्या हौशी बुद्धिबळ स्पर्धेत पांढरी मोहरी घेऊन बसलेल्याने वजिराचं प्यादं दोन घरं सरकवलं, की पुढच्या पाच-सात खेळ्या बऱ्याचदा ठरलेल्या असतात. उंट एफ-४ वर, मग ई-३, सी-३. ही लंडन सिस्टीम. वराछातला रत्नकलाकार असो की लिंबायतच्या खानदेशी घरातलं पोर, कामाधंद्यातून उरलेल्या वेळात खेळणाऱ्याला ती परवडते. समोरचा काहीही खेळला तरी आपली मांडणी फारशी मोडत नाही. यात मला कमीपणा दिसत नाही. पण पाठांतर संपलं, घड्याळ चालू आहे आणि आता स्वतःच ठरवायचं आहे, तिथून पुढचा डाव त्या माणसाचा असतो. माझं सगळं कुतूहल त्या भागाबद्दल आहे.

असा डाव लिहून ठेवला तर काय होतं, याचं एक जुनं उदाहरण आहे. कोलकात्यात मे १८५५ मध्ये महेशचंद्र बॅनर्जी हा खेळाडू जॉन कॉक्रन या बॅरिस्टरसमोर काळी मोहरी घेऊन बसला. बॅनर्जी देशी नियमांवर वाढलेला. त्या खेळात प्यादं पहिल्या खेळीलाही एकच घर चालतं, त्यामुळे पटाचा मध्य झटक्यात बळकावता येत नाही. आधी मोहरी मागून नीट लावायची, मग धडक द्यायची. कॉक्रनने वजिराचं प्यादं पुढे केलं. बॅनर्जीने घोडा काढला, जी-६ खेळून उंटाला वाट केली आणि तिसऱ्या खेळीला मध्यावर प्यादं भिडवलं. डाव कॉक्रनने जिंकला. पुढे १९२२ मध्ये व्हिएन्नात अर्न्स्ट ग्रुनफेल्डने हाच बचाव खेळून भावी जगज्जेत्या अलेखाइनला हरवलं आणि बचावाला ग्रुनफेल्डचं नाव लागलं. बॅनर्जीच्या हातून तो आधी पटावर आला होता हे आज सांगता येतं, कारण त्या हरलेल्या डावाच्या खेळ्या कुणीतरी टिपून ठेवल्या.

क्लासिकल स्पर्धेत आजही प्रत्येकाला खेळ्या लिहाव्याच लागतात. ज्या कागदावर त्या लिहायच्या ती स्कोअरशीट फिडेच्या, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघाच्या, नियमांप्रमाणे आयोजकांच्या मालकीची. गुजरातचा पहिला ग्रँडमास्टर, अहमदाबादचा तेजस बाकरे, त्याचे डाव डेटाबेसमध्ये सापडतात. शेवटच्या पटांवरच्या कागदांच्या वाट्याला हे भाग्य क्वचितच येतं. माझ्या मते आयोजकांनी ते सगळे कागद संगणकावर उतरवावेत, अगदी चौदाशे रेटिंगच्या खालच्या खेळाडूंचेही, आणि निकालाबरोबर खेळाडूंच्या हाती द्यावेत. दोन मुलं बसली तर एका रविवारी होण्याजोगं हे काम आहे.