प्रश्न दोघांनी विचारायचे

अडचण आली की आपल्याकडे माणूस कुणाकडे तरी जातो. मामाकडे, थोरल्या बहिणीकडे, शाळेतल्या जुन्या सरांकडे, फॅमिली डॉक्टरकडे. जाण्याची रीतही ठरलेली आहे: आपण गाऱ्हाणं सांगायचं, समोरच्याने ऐकून घ्यायचं आणि पुढे काय करायचं ते त्याने सांगायचं. या रीतीने अनेक घरं सावरली आहेत. पण तीच घेऊन माणूस खासगी थेरपिस्टकडे गेला, की दोन-तीन भेटींतच त्याचा हिरमोड होतो. ‘एवढे पैसे मोजले आणि त्यांनी सांगितलं काहीच नाही,’ असं म्हणत तो जायचं बंद करतो. तिथे आपल्या वाट्याला कोणतं काम येतं आणि काय विचारायचा आपल्याला अधिकार आहे, हे त्याला आधी कुणी सांगितलेलंच नसतं. थेरपीला जाणाऱ्याने शरण जाण्याची सवय दाराबाहेर ठेवावी, एवढंच मला मांडायचं आहे.

विचारायची सुरुवात अपॉइंटमेंटच्या फोनपासूनच करावी. ‘तुमचं शिक्षण काय?’ हा प्रश्न उद्धट वाटतो, पण तो अत्यंत रास्त आहे. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे सायकिअ‍ॅट्रिस्ट हा एमबीबीएसनंतर या विषयात पुढचं शिक्षण घेतलेला डॉक्टर असतो. तो निदान करतो, औषधं लिहून देतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी १९९२ च्या कायद्यानुसार भारतीय पुनर्वास परिषदेकडे असावी लागते. समुपदेशकांचं चित्र मात्र धूसर आहे. मानसशास्त्रात एम.ए. करून, अनुभवी माणसाच्या हाताखाली वर्षानुवर्षं काम केलेले समुपदेशक आहेत, तसे एखादा छोटा कोर्स करून पाटी लावणारेही आहेत. या मंडळींना नोंदणीच्या चौकटीत आणण्यासाठी २०२१ मध्ये केंद्र सरकारने कायदा केला आहे, पण ती चौकट नीट उभी राहीपर्यंत चौकशीची जबाबदारी आपल्यावरच येते. चांगल्या थेरपिस्टला या प्रश्नाचा राग येत नाही.

दुसरा प्रश्न पैशांचा. पुण्या-मुंबईत खासगी सेशनची फी साधारण हजार रुपयांपासून तीन हजारांपर्यंत असते, काही ठिकाणी त्याहून जास्त. सेशन पन्नास मिनिटं ते एक तास चालतं आणि सुरुवातीला बहुधा आठवड्यातून एकदा असतं. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने विमा कंपन्यांना मानसिक आजारालाही शारीरिक आजाराइतकंच संरक्षण द्यायला सांगितलं आहे. तरी बहुतेक पॉलिसींचा भर रुग्णालयात दाखल होण्यावर असल्याने सेशनची फी बहुतेकांच्या खिशातूनच जाते. म्हणून महिन्याला किती झेपेल ते उघडपणे सांगावं. अनेक थेरपिस्ट काही जागा कमी फीच्या ठेवतात, पण त्या मागितल्याशिवाय कळत नाहीत. आयत्या वेळी भेट रद्द केली तर पैसे द्यावे लागतात का, हेही पहिल्याच दिवशी विचारून घ्यावं.

पहिल्या सेशनमध्ये बराच वेळ माहिती घेण्यात जातो. आधी एक संमतिपत्र समोर येतं, त्यात तातडीच्या वेळी कुणाला फोन करायचा त्याचा रकाना असतो. मग झोप कशी आहे, भूक कशी आहे, घरात कोण कोण, पूर्वी काही उपचार झाले होते का, दारू-तंबाखू किती, असे प्रश्न येतात. जीव द्यावासा कधी वाटलं का, असंही थेट विचारलं जातं. या प्रश्नाने दचकू नये. विचारल्याने तो विचार कुणाच्या मनात रुजत नाही. उलट खरं उत्तर दिलं तर मदत वेळेवर मिळते.

सांगितलेलं त्या खोलीतच राहील का, ही शंका आपल्याकडे सगळ्यात मोठी, कारण आपल्याकडे माणूस एकटा क्वचितच येतो. आई सोबत येते, फी नवरा भरतो, आणि दुसऱ्या दिवशी घरून फोन जातो: ‘काय म्हणाली हो ती?’ थेरपिस्टने याचं उत्तर द्यायचं नसतं. फी कोण भरतो यावर गोपनीयता ठरत नाही. उपचार घेणाऱ्याच्या गोपनीयतेचा हक्क २०१७ च्या कायद्यातही आहे. अपवाद मोजके आहेत: स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका, न्यायालयाचा आदेश, आणि लहान मुलावरील लैंगिक अत्याचार, ज्याची खबर देणं पॉक्सो कायद्याने बंधनकारक आहे. हे अपवाद थेरपिस्टने आपणहून सांगायला हवेत. नाही सांगितले तर विचारावेत.

मग प्रत्यक्ष काम सुरू होतं. पद्धती अनेक आहेत, त्यांतली एक महाराष्ट्राच्या चांगल्या परिचयाची आहे. अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये मांडलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती कि. मो. फडके यांनी आपल्याकडे रुजवली. समजा, एका शिक्षिकेला मुख्याध्यापकांनी सर्वांसमोर टोकलं आणि तिला तीन रात्री झोप लागली नाही. तिच्या मते झोप उडाली ती टोकण्यामुळे. थेरपिस्ट वहीत तीन रकाने आखायला सांगते: घटना, तेव्हा मनात आलेला विचार, आणि परिणाम. पहिला आणि तिसरा रकाना चटकन भरतो, मधला कोराच राहतो. आठवडाभराने तिथे एक वाक्य उतरतं: ‘माझ्या हातून चूक होताच कामा नये, झाली तर मी कुचकामी.’ मुख्याध्यापक चुकले असतील, तर त्यांच्याशी बोलायचं कसं हेही पुढे ठरवता येईल. पण झोप उडवणारं हे वाक्य आता तपासता येतं. हे वाक्य शोधण्याचं काम तिलाच करावं लागलं, आणि ते सेशनमध्ये नव्हे, तर घरी वही उघडून.

१९७९ मध्ये एडवर्ड बॉर्डिन या मानसशास्त्रज्ञाने थेरपीतल्या सहकार्याचे तीन घटक सांगितले: ध्येयाबद्दल एकमत, ते गाठण्यासाठी करायच्या कामाबद्दल एकमत आणि दोघांमधला विश्वास. म्हणून ‘हे मला पटलं नाही’, ‘मागच्या वेळी तुमचं बोलणं लागलं’ ही वाक्यं तिथे बोलायचीच असतात. मोठ्यांना उलट बोलू नये, या संस्काराचा इथे आडोसा घेऊ नये. सुरुवातीला जुन्या जखमा उघडल्याने काही दिवस अधिक जड जाऊ शकतात, तेही सांगावं. चार-सहा भेटींनंतर एकदा हिशेब करावा: आपण कशासाठी आलो होतो, काही हललं का? सूर जुळत नसेल तर थेरपिस्ट बदलावा, त्यात कृतघ्नपणा नाही. मात्र थेरपिस्ट घरची मैत्री जोडू लागला, आपली अडचण सोडून स्वतःची गाऱ्हाणी सांगू लागला, लग्न मोडा किंवा नोकरी सोडा असे हुकूम देऊ लागला, तर लगेच थांबावं.

खासगी फी न परवडणारे लोक फार आहेत. सरकारी रुग्णालयांतले मानसोपचार विभाग आणि १४४१६ या क्रमांकावरची टेलिमानस ही सरकारची मोफत फोनसेवा त्यांच्यासाठी आहे, आणि जिवावर बेतलेल्या क्षणी पुढच्या आठवड्याच्या अपॉइंटमेंटची वाट कुणीच पाहू नये. पण दार सरकारी असो वा खासगी, आत जाणाऱ्याने आपला हक्क ओळखून जावं. तिथे आपल्याला शिक्षण विचारता येतं, पद्धत विचारता येते, नाही म्हणता येतं. घरात, शाळेत, ऑफिसात ज्याला आजवर कुणी ‘तुला काय वाटतं?’ असं विचारलं नाही, त्याच्यासाठी बरं होण्याची सुरुवात इथूनच होते.