कुऱ्हाडीचे पाते आणि गच्चीचा कठडा

मनात वैर नसता एखाद्या मनुष्याच्या हातून दुसऱ्याचा प्राण गेला, तर त्यास काय म्हणावे? अपराधी म्हणावे, तर त्याने अपराधाची इच्छा धरिली नव्हती. निर्दोष म्हणावे, तर मृताच्या घरी आकांत चाललेला असतो, आणि त्या आईच्या कानांस तो शब्द निष्ठुर वाटतो. हा प्रश्न केवळ पंडितांचा नव्हे. चाकण, भोसरी, चिंचवड येथील कारखान्यांत ज्यांची मुले पाळीवर जातात, अशा आमच्या पुष्कळ वाचकांच्या दारी तो कोणत्याही रात्री येऊन उभा राहू शकतो. म्हणून एका गुणी फुटबॉल खेळाडूच्या मृत्यूच्या निमित्ताने त्याचा विचार करावा, असे आम्ही योजिले आहे.

क्रिस्तियानो ज्युनियर हा ब्राझील देशाचा तरुण. त्याचा जन्म १९७९ सालचा. तो हिंदुस्थानात आला आणि कोलकात्याच्या ईस्ट बंगाल संघाकडून खेळू लागला. २००३-०४ च्या हंगामात त्या संघाने राष्ट्रीय लीग जिंकली, आणि त्या लीगमध्ये सर्वांहून अधिक गोल करण्याचा मान क्रिस्तियानोस मिळाला. पुढे गोव्याच्या डेम्पो संघाने त्यास आपल्याकडे आणिले. स्वदेश, स्वभाषा व आप्तजन हजारो कोस मागे टाकून परक्या मुलखात आपल्या कौशल्यावर भाकरी मिळविणे सोपे नाही. मराठवाड्यातून, विदर्भातून किंवा बिहारातून आमच्या औद्योगिक पट्ट्यात येऊन एका खोलीत पाच-सहा जणांनी राहणारे तरुण ही गोष्ट जाणतात. हा तरुणही त्यांच्याच जातीचा प्रवासी होता. मात्र त्याचे कौशल्य हातांत नसून पायांत होते.

५ डिसेंबर २००४ रोजी बंगळुरूच्या श्री कंठीरवा मैदानावर फेडरेशन चषकाचा अंतिम सामना झाला. एका बाजूस डेम्पो व दुसऱ्या बाजूस कोलकात्याचा मोहन बागान संघ. पहिला गोल क्रिस्तियानोने केला. सामना संपावयास थोडाच अवकाश उरला असता तो चेंडू घेऊन पुन्हा पुढे धावला. मोहन बागानचा गोलरक्षक त्यास अडविण्यास पुढे आला. चेंडू जाळ्यात गेला आणि त्याच क्षणी दोघांची टक्कर झाली. क्रिस्तियानो खाली पडला, तो पुन्हा उठला नाही. इस्पितळात नेल्यावर तो मरण पावल्याचे सांगण्यात आले. डेम्पोने चषक जिंकला. परंतु ज्याच्या दोन गोलांनी तो जिंकला, त्यास तो पाहावयास मिळाला नाही. त्याचे वय अवघे पंचवीस वर्षांचे होते.

आता त्या गोलरक्षकाकडे पाहू. त्याचे नाव सुब्रत पाल. जमशेदपूरच्या टाटा फुटबॉल अकादमीत शिकून तो नुकताच मोठ्या संघात आला होता. अठरावे वर्ष पुरे होऊन त्यास पंधरवडाही लोटला नव्हता. या मुलावर एका दिवसात सगळ्या देशाची दृष्टी खिळली. कोणी म्हणाले, त्याने बेपर्वाई केली. कोणी त्याहूनही कठोर शब्द वापरिले. शिस्तभंगाची कारवाई होऊन त्यास काही काळ खेळापासून दूर राहावे लागले. ते दृश्य दूरचित्रवाणीवर पुनःपुन्हा दाखविण्यात आले, आणि प्रत्येक वेळी पाहणाऱ्यास तोच एक मनुष्य व तेच त्याचे दोन हात दिसले.

दुःखाचा असाच स्वभाव आहे. ज्या हाताने घात झाला, तो हात दुःखास आधी दिसतो, आणि तो दिसला म्हणजे दुःख दुसरे काही पाहात नाही. हे जाणूनच मोशेच्या नियमशास्त्रात शरणपुरांची योजना केलेली आढळते. नाशिकच्या शरणपुरामुळे हे नाव आमच्या वाचकांच्या ओळखीचे आहे. यार्देनेच्या अलीकडे तीन व पलीकडे तीन, अशी सहा नगरे राखून ठेवावयाची होती. तेथे दिलेला दाखला असा: दोघे शेजारी लाकडे तोडावयास रानात जातात, एक कुऱ्हाड उगारतो, पाते दांड्यातून निसटते आणि सोबत्यास लागून तो मरतो. अशा मनुष्यास त्या नगरात पळून जाता येत असे, आणि सूड घेणाऱ्याने तेथे त्याच्यावर हात टाकावयाचा नसे. नगरे दूर असू नयेत, त्यांकडे जाणाऱ्या वाटा तयार ठेवाव्या, हेही त्यात सांगितले आहे. कारण वाट लांब असली तर संतापलेला मनुष्य त्यास मध्येच गाठील.

या योजनेत दोन गोष्टी एकत्र आहेत, व त्या दोन्ही आम्हांस महत्त्वाच्या वाटतात. पहिली ही की, मनात वैर होते की नव्हते, याची चौकशी झाल्यावाचून कोणी कोणास खुनी म्हणू नये. दुसरी ही की, चौकशीत निर्दोष ठरलेला मनुष्यही लागलाच आपल्या घरी परतत नसे. त्यास दीर्घकाळ त्या नगरातच राहावे लागे. म्हणजे, तुझा अपराध नाही असे सांगतानाच, काही घडलेच नाही असे वागण्याची मुभा शास्त्र त्यास देत नाही. अपराध व ऋण या दोन निरनिराळ्या वस्तू आहेत. मृताच्या आप्तांचे दुःख हे त्या मनुष्याच्या खांद्यावर ऋण म्हणून राहते. ते त्याने वाहावे. परंतु त्यास फासावर चढविण्याचा अधिकार त्यातून कोणास प्राप्त होत नाही.

परदेशातील एका गोष्टीने हे अधिक स्पष्ट होईल. २५ नोव्हेंबर २०१४ रोजी सिडनीच्या क्रिकेट मैदानावर शॉन अॅबट याने टाकलेला चेंडू फिलिप ह्यूज या फलंदाजाच्या मानेस लागला, आणि दोन दिवसांनी ह्यूज मरण पावला. तेथील खेळाडूंनी अॅबटभोवती आपल्या सहानुभूतीची जणू भिंत उभारिली. तो पुढल्याच महिन्यात पुन्हा खेळावयास उतरला. २०१६ साली झालेल्या न्यायालयीन चौकशीत त्या मृत्यूबद्दल कोणाही व्यक्तीस दोष देण्यात आला नाही. एका समाजाने आपल्या शोकात एका तरुणासाठी शरणपूर बांधिले, असे म्हणावयास हरकत नाही.

येथवर आमचे म्हणणे पुष्कळांस मान्य होईल. परंतु एवढ्यावर थांबलो तर आम्ही अर्धेच सत्य सांगितले असे होईल. अजाणता घडले, असे म्हणून सर्वांनी हात धुवावे, हा या विचाराचा शेवट नव्हे. ज्या अनुवादाच्या पुस्तकात निसटलेल्या कुऱ्हाडीचा दाखला आहे, त्याच पुस्तकात तीन अध्याय पुढे आणखी एक नियम आहे. नवे घर बांधणाऱ्याने गच्चीस कठडा करावा. न केल्यास आणि कोणी पडून मेल्यास त्या रक्ताचा दोष त्या घरावर येईल. वाचकहो, या घरमालकाने कोणास ढकलिले नाही. मनुष्य पडला तेव्हा तो कदाचित दूर शेतात असेल, कदाचित निजला असेल. तरी दोष त्याचा. कारण पाते निसटेल हे तोडणाऱ्यास ठाऊक नव्हते, पण गच्चीवरून मनुष्य पडतो हे घर बांधणाऱ्यास ठाऊक असते.

या दृष्टीने बंगळुरूच्या मैदानाकडे पुन्हा पाहावे. वेगाने धावणारी माणसे एकमेकांवर आदळणार, हे फुटबॉलचे सामने भरविणाऱ्यांस आधीपासून ठाऊक असते. क्रिस्तियानोच्या मृत्यूनंतर, मैदानावरील वैद्यकीय व्यवस्था अपुरी होती, अशी टीका झाली. ती व्यवस्था पुरी असती तर तो वाचलाच असता, असे आम्ही म्हणत नाही. ते सांगण्याचा अधिकार आम्हांस नाही. परंतु १२ जून २०२१ रोजी कोपनहेगन येथे डेन्मार्कचा खेळाडू क्रिस्तियान एरिक्सन भर सामन्यात हृदय बंद पडून कोसळला, तेव्हा काय घडले ते सर्वांनी पाहिले आहे. वैद्य तत्काळ धावले, छातीवर दाब देणे सुरू झाले, विजेचा झटका देणारे यंत्र जवळच होते. तो वाचला, आणि पुढील वर्षी पुन्हा खेळू लागला. तेथे कठडा होता.

सुब्रत पालचे हात सर्वांनी पाहिले. जे हात वेळेवर पोहोचले नाहीत, ते कोणी पाहिले नाहीत. कारण जे नसते ते चित्रात दिसत नाही. आमचे सांगणे थोडक्यात हेच आहे: जवळच्या हातावर सगळा दोष घातला म्हणजे दूरचे हात आपोआप निर्दोष ठरतात, आणि तो न्याय नव्हे.

आता आपल्या पट्ट्यातील गोष्ट घेऊ. समजा, एका लहान कारखान्यात पत्र्याचे सुटे भाग दाबणारा एक प्रेस आहे. एक कामगार साच्यावर पत्रा ठेवितो, दुसरा पायाने पेडल दाबतो. यंत्रापुढील संरक्षक जाळी काढून ठेविली आहे, कारण ती असली म्हणजे पाळीत ठरलेले नग पुरे होत नाहीत. दोघेही सलग दुसरी पाळी करीत आहेत. पहाटे तीन वाजता पेडल क्षणभर लवकर दाबले जाते आणि सोबत्याचा हात जातो. सकाळी सर्वांच्या तोंडी एकच प्रश्न असतो: पेडल कोणी दाबले? त्याचे नाव कागदावर लिहिले जाते, त्यास कामावरून काढिले जाते, तो गावी परततो, आणि गावातही त्याच्याकडे बोट दाखविले जाते. जाळी कोणी काढली, नगांचा आकडा कोणी ठरविला, सलग दोन पाळ्या कोणी लावल्या, हे कोणी विचारीत नाही. वास्तविक १९४८ च्या कारखाने कायद्यानेच यंत्राच्या धोक्याच्या भागास कुंपण घालण्याचे बंधन घातले होते. म्हणजे कठड्याचा नियम आमच्या देशाच्या कायद्यासही ठाऊक होता.

यावर कोणी म्हणेल, असा दोष वाटीत गेले तर तो इतक्या जणांत विभागला जाईल की कोणाच्याच वाट्यास काही येणार नाही. आणि चूक करणाऱ्यास मोकळे सोडिले तर तो अधिक बेपर्वा होईल. ही शंका रास्त आहे. परंतु दोष हा भाकरीसारखा नाही, की वाटल्याने प्रत्येकाचा तुकडा लहान व्हावा. ज्यास धोका आधी ठाऊक होता, ज्यास तो टाळण्याची शक्ती होती, आणि ज्यास न टाळण्यात लाभ होता, त्याचा दोष दुसऱ्यांच्या दोषामुळे कमी होत नाही. पेडल दाबणाऱ्याने झोपेची गुंगी लपविली असेल तर तेवढे त्याने कबूल करावे. पण त्याची कबुली दुसऱ्यांस लपण्याची आडोसा-भिंत होऊ नये. बेपर्वाईविषयी म्हणाल तर, ज्याच्या हातून खरोखर असा घात झाला आहे, त्यास शिक्षेच्या भीतीने सावध करण्याची गरज क्वचितच उरते. त्याची झोप आधीच उडालेली असते.

तर मग आम्ही काय करावे? प्रथम, आपापल्या जागी कठडा बांधावा. जो सुपरवायझर आहे त्याने जाळीवाचून यंत्र चालू देऊ नये. जो कामगार आहे त्याने चौघांस सोबत घेऊन ती मागावी. जो गावच्या पटांगणात मुलांचे सामने भरवितो, त्याने बक्षिसाच्या ढालीआधी उपचाराची सोय पाहावी. कोणी कोसळला, हाक मारून शुद्धीवर येत नाही व नीट श्वास घेत नाही, असे दिसताच १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. त्यास कठीण जमिनीवर उताणे निजवून, छातीच्या मध्यावर तळहात ठेवून त्यावर दुसरा हात ठेवावा, आणि मदत येईपर्यंत मिनिटास १०० ते १२० वेळा, सुमारे ५ सेंटिमीटर खोल, जोराने दाब देत राहावे. हृदय थांबल्यावर काही थोड्या मिनिटांतच मेंदूस इजा होऊ लागते. म्हणून इस्पितळ कितीही चांगले असले तरी पहिले हात शेजाऱ्याचेच असावे लागतात. हे शिकण्यास एक दुपार पुरते.

दुसरे, असा प्रसंग घडलाच तर दोन्ही घरी जावे. मृताच्या घरी तर सर्वच जातात. ज्याच्या हातून घडले त्याच्या घरी कोणी जात नाही, त्याची बायको नळावर एकटी उभी असते, त्याची मुले शाळेतून लवकर परततात. त्याच्या दारी जाऊन बसणे हेच आजच्या काळचे शरणपूर. तेथे पुष्कळ बोलण्याची आवश्यकता नाही. आणि पुढे मृताच्या घरचे लोक तयार झाले, तर त्यास त्यांच्या दारापर्यंत सोबत करावी, म्हणजे त्यास आपले ऋण एकट्याने वाहावे लागणार नाही.

क्रिस्तियानोचा दहा क्रमांकाचा पोशाख डेम्पो संघाने त्याच्या स्मरणार्थ दुसऱ्या कोणास न देण्याचे ठरविले. त्याच हंगामात त्या संघाने राष्ट्रीय लीगही जिंकली. आणि जानेवारी २०११ मध्ये, २७ वर्षांनी हिंदुस्थान आशियाई चषकात खेळावयास दोहा येथे गेला, तेव्हा गोलासमोर सुब्रत पाल उभा होता. आपला संघ तिन्ही सामने हरला. परंतु त्या तरुणाने इतके चेंडू अडविले की प्रतिस्पर्ध्यांनीही त्याची वाखाणणी केली. २०१६ साली त्यास अर्जुन पुरस्कार मिळाला. अठराव्या वर्षी लोकांनी त्यास कायमचे दूर लोटिले असते, तर एका टकरीत दोन तरुण गमावले असते. एकास कोणी वाचवू शकले नाही. दुसऱ्यास वाचविणे माणसांच्या हाती होते.